चीक : गोठ्यातला आणि बाळंतिणीचा

१९६४ सालच्या पावसाळ्यात आमच्या घरात आठ दिवसांच्या अंतराने दोन बाळंतपणे झाली. एक गोठ्यात आणि एक माजघरालगतच्या अंधाऱ्या खोलीत.

सातारा जिल्ह्यातले आमचे गाव. मी तेव्हा नऊ वर्षांची. कपिला गाय पहाटे व्याली. आजी कंदील घेऊन गोठ्यात निघाली आणि तिच्या पदराला धरून मीही गेले. वासरू अजून नीट उभे राहत नव्हते. गडी चरवी घेऊन कासेशी बसायला लागला, तशी आजीने त्याला हटकले. ''आधी त्याला पिऊ दे. त्याचा चीक त्याला मिळाला नाही तर चार दिवसांत हगवण लागून पाय ताठ करील.'' मग तिने स्वतःच वासराची मान धरून त्याचे तोंड सडाला लावले. ते प्याले, थांबले, पुन्हा प्याले. नंतरच उरलेला चीक चरवीत आला. दाट, पिवळाधमक, बोटाला चिकटणारा. दुपारी त्याचा गूळ-वेलदोडा घालून खरवस झाला आणि आळीतल्या घरोघरी त्याच्या वड्या पोहोचवायला मला पिटाळण्यात आले.

आठ दिवसांनी काकू बाळंत झाली. तिसरे बाळंतपण, म्हणून सासरीच. बाळंतिणीच्या खोलीत आम्हा मुलांना मज्जाव होता, पण दाराच्या फटीतून जे दिसायचे ते दिसलेच. आजी आणि सुईण मिळून काकूचे पहिले दूध पिळून काढत होत्या, आणि ते जुन्या धोतराच्या घडीवर टिपून घेत होत्या. त्या घडीवर पिवळा डाग पडला होता. मी संध्याकाळी आजीला विचारले. ती म्हणाली, ''चीक तो. बाळाला बाधतो. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं की पाजायचं.'' तोपर्यंत बाळाला मधात सोने उगाळून चाटवले, गुळाचे पाणी दिले, कापसाच्या बोळ्याने आणि पितळी बोंडल्याने शेळीचे दूध पाजले.

ते बाळ नवव्या दिवशी गेले. चीक न मिळाल्यानेच गेले, असे मी म्हणणार नाही. त्या काळी नऊ दिवसांच्या मुलाला न्यायला कारणे पुष्कळ होती. आजीचे कारण एकच होते : सटवाईने एवढेच लिहिले होते.

पुढे शिक्षण झाले, इतिहास शिकवण्याची नोकरी झाली, आणि कितीतरी वर्षे मी आजीला मनातल्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून ठेवले. अडाणीपणा, रूढी, असे शब्द हाताशी तयार असतातच. पण एक गोष्ट त्या आरोपपत्रात बसत नव्हती. वासराला चीक पाजला नाही तर ते मरते हे जिला पक्के ठाऊक होते, आणि जिने गड्याच्या हातातली चरवी बाजूला सारली होती, त्याच बाईने आठच दिवसांनी नातवाचा चीक कापडावर टिपून टाकला. हे अज्ञान असेल तर ते फार चमत्कारिक अज्ञान म्हणायचे. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी याच एका प्रश्नाचा पाठपुरावा करायचे ठरवले.

सुरुवात शब्दापासून केली. मराठीत गाई-म्हशीच्या पहिल्या दुधाला चीक म्हणतात आणि बाईच्या पहिल्या दुधालाही चीकच म्हणतात. पण चीक रुईलाही असतो, फणसालाही असतो, शेराला तर असा असतो की डोळ्यात गेला तर डोळा जाईल. कुरडयांसाठी गहू भिजवून वाटला की त्याचाही चीकच निघतो. म्हणजे या एकाच शब्दात खाण्याचा पदार्थ आहे, डिंकासारखा चिकटपणा आहे आणि विषही आहे. बाळंतिणीच्या चिकाची भीती वाटण्यात या शब्दाच्या सोयऱ्याधायऱ्यांचा काही हात असावा, असा माझा कयास आहे. तो सिद्ध करता येणार नाही.

संस्कृतात मात्र या दुधाला फार वेगळे नाव आहे : पीयूष. अमरकोशात नव्याने व्यालेल्या गाईच्या दुधाला पीयूष म्हटले आहे आणि देवांच्या अमृतालाही तोच शब्द आहे. आज पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांत श्रीखंड पातळ करून जे पेय याच नावाने मिळते, त्याचा मूळ अर्थाशी दुधापुरताच संबंध उरला आहे. असो. अमृताच्या नावाची ही वस्तू मनुस्मृतीने मात्र वर्ज्य ठरवली आहे. पाचव्या अध्यायातल्या अभक्ष्यांच्या यादीत लसूण, कांद्याच्या मागोमाग गाईचा चीक येतो, आणि पुढे व्याल्यापासून दहा दिवसांच्या आतले गाईचे दूधही निषिद्ध सांगितले आहे. म्हणजे आमच्या आळीतल्या एकूण एक घराने, त्यात सोवळ्यातली घरेही आली, त्या दिवशी मनूची आज्ञा वेलदोड्याच्या वासासकट मोडली होती. कुणालाही त्याचे काही वाटले नाही. खरवस सर्वांनाच आवडत होता.

मला हे महत्त्वाचे वाटते. शास्त्राने सांगितले म्हणून चीक टाकला, हे उत्तर एवढ्याने कोसळते. लोक सोयीचे तेवढेच शास्त्र पाळतात. गोठ्यातल्या चिकाबाबत ते मोडले गेले आणि बाळंतिणीच्या चिकाबाबत तंतोतंत पाळले गेले. मग फरक कुठे पडला?

दहा दिवसांचा हिशेब इथे थोडा पाहायला हवा. व्यालेल्या गाईचे दूध दहा दिवस वर्ज्य. घरात मूल जन्मले की सोयरही दहा दिवसांचे. बाळंतीण दहा दिवस अस्पर्श. तिला बाज, शेगडी, ओवा-शेपाची धुरी आणि सुईण. पाचवी पुजायची, सटवाईची रात्र जागवायची, बारशाला नाव ठेवायचे. बाळ टिकते की नाही हे ठरण्याआधी त्याला घरात पुरते घ्यायचेच नाही, अशी ही मुदत आहे. तिच्यामागे शुचिता-अशुचितेची कल्पना आहे तशी सोसून सोसून आलेली सावधगिरीही आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचा मुलगा दहा दिवसच जगला. डॉक्टर होण्याचा ध्यास त्यातून आला, हे आपण शाळेत वाचतो. पुढे १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता, हे त्या मानाने कमी वाचले जाते. अमेरिकेत जाऊन आपल्याच संहितांतले बाळंतपण धुंडाळणाऱ्या त्या वीस वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांसमोर ते दहा दिवस आले नसतील असे मला वाटत नाही.

त्या संहितांत काय आहे? मी गेले ते एकच उत्तर सापडेल अशा समजुतीने. सापडली दोन.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात जातकर्माच्या वेळी बाळाला मंत्रून मध-तूप चाटवायला सांगितले आहे, आणि लगेच त्यापुढे, त्याच विधीने, प्रथम उजवा स्तन पाजायला सांगितला आहे. दिवस मोजायला सांगितलेले नाहीत. चाटण हा आरंभ, दूध त्याच्या पाठोपाठ. सुश्रुत मात्र वेगळे सांगतो. हृदयाशी असलेल्या वाहिन्या बाळंतपणानंतर उघडतात आणि तीन किंवा चार रात्रींनी स्त्रियांना दूध येते, असे त्याचे म्हणणे. म्हणून पहिले दिवस औषधी घातलेले तूप-मध द्यायचे, आणि स्तनपान त्यानंतर. वाग्भटाने अष्टांगहृदयात याच धर्तीवर तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा हिशेब मांडला. आजीने सुश्रुताचे नावही ऐकलेले नव्हते, पण तिचा ''तिसऱ्या दिवशी दूध उतरलं की'' हा शब्दप्रयोग सरळ त्या परंपरेतला आहे.

आता गंमत अशी, की सुश्रुताचे निरीक्षण अचूक आहे. वार पडली की बाईच्या रक्तातले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने घटते आणि त्याचा परिणाम म्हणून दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भरपूर दूध येऊ लागते. छाती जड होते, ताठरते, पान्हा आपोआप फुटतो. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे दिवस मोजून लिहून ठेवले याचे कौतुकच करायला हवे. चूक निरीक्षणात झाली नाही, ती त्यानंतरच्या पायरीवर झाली. दूध तिसऱ्या दिवशी येते, तर त्याआधी जे येते ते दूध नव्हे. आणि दूध नव्हे, तर मग ते काय? दोन-चार चमचे, चिकट, पिवळे. पुवासारखे दिसणारे. महिनोन् महिने आत साचून नासलेले काहीतरी. असा विचार करणारी बाई मूर्ख नसते. ती आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवत असते.

हा गैरसमज भारताचा खास होता असेही नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणारा सोरानस हा ग्रीक वैद्य स्त्रीरोगांवरच्या आपल्या ग्रंथात सांगतो की जन्मलेल्या मुलाला आधी मध चाटवावा, नंतर दुसऱ्या बाईचे दूध द्यावे, कारण आईचे दूध बहुधा वीस दिवसांपर्यंत चांगले नसते. वीस दिवस! आमची आजी तीनच दिवसांवर थांबत होती. पण सोरानसच्या ग्रंथातला मला भावलेला माणूस सोरानस नाही, ज्याला त्याने खोडून काढले आहे तो डामास्टिस आहे. या डामास्टिसचे म्हणणे असे होते की बाळाला लगेच आईच्या छातीशी धरावे. निसर्गाने बाळ येण्याआधीच दुधाची तजवीज केली ती यासाठीच. सोरानसने त्याला दोष दिला आणि विषय संपवला. डामास्टिसचे मत आपल्यापर्यंत पोहोचले ते त्याच्या टीकाकाराच्या वाक्यातून. इतिहासात बरोबर असलेल्या माणसांच्या वाट्याला पुष्कळदा एवढीच जागा येते.

युरोपात सोरानसचा पगडा दीड हजार वर्षे राहिला. नवजात मुलाला लोणी, साखर, बदामतेल, मद्याचे थेंब, रेचके असे काय काय चाटवत. १७४८ मध्ये विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टरने लंडनच्या अनाथ अर्भकगृहाच्या एका विश्वस्ताला उद्देशून एक छोटा निबंध लिहिला. त्यात हे चाटण बंद करा, आईने स्वतः पाजावे आणि लवकर पाजावे, असे त्याने बजावले. बायकांच्या हातातून हे काम पुरुषांच्या अकलेखाली यावे असाही त्याचा आग्रह होता. तो आज वाचताना कपाळाला आठी पडते. व्हॅलेरी फिल्ड्स या अभ्यासक बाईंनी बालसंगोपनाच्या इतिहासावरच्या आपल्या १९८६ च्या ग्रंथात दाखवले आहे की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या प्रसूतिगृहांत बाळाला लवकर छातीशी लावण्याची पद्धत सुरू झाली आणि पहिल्या महिन्यातले बालमृत्यू घटण्यात तिचा मोठा वाटा होता. बायकांना छाती भरून येणारा ताप, ज्याला त्या काळी दुधाचा ताप म्हणत, तोही कमी झाला. बहुधा तो ताप कमी व्हावा एवढाच तिथल्या डॉक्टरांचा हेतू असावा. बाळे वाचली ती जाता जाता.

एवढे वाचूनही माझा मूळ प्रश्न सुटला नव्हता. गोठ्यात जे कळले ते खोलीत का कळले नाही? शेतकरी बायका रोजच्या अनुभवातून शिकतात, पिढ्यान्‌ पिढ्या शिकतात. चीक न मिळालेले वासरू मरते हे त्या शिकल्याच होत्या. मग चीक न मिळालेल्या मुलांचे काय होते, हे त्यांनी कसे पाहिले नाही?

उत्तर एका जुन्या विद्यार्थ्याने दिले. तो आता पशुवैद्य आहे. दिवाळीत भेटायला आला असता मी त्याच्यासमोर हे कोडे टाकले. तो हसून म्हणाला, ''बाई, गाईची वार आणि माणसाची वार यांत फरक असतो.''

तो फरक असा. कुठल्याही रोगाशी लढायला रक्तात प्रतिपिंडे लागतात. माणसाच्या वारेतून आईची प्रतिपिंडे गर्भाच्या रक्तात उतरतात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. पूर्ण दिवसांचे मूल जन्मते तेव्हा आईने दिलेली शिदोरी घेऊनच जन्मते. गाईच्या वारेची घडणच अशी आहे की तिच्यातून ही प्रतिपिंडे पार होत नाहीत. वासरू जन्मते ते रिकाम्या हाताने. त्याची सगळी शिदोरी चिकात असते, आणि ती रक्तात शोषून घेण्याची आतड्यांची ताकद पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते. एक दिवस उलटला की ते दार जवळपास बंद होते. म्हणून चीक चुकलेले वासरू तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळ्यांदेखत मरते. १९२२ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल या अमेरिकन संशोधकांनी काही वासरांना चीक देऊन आणि काहींना न देता वाढवून पाहिले. मिळालेली जगली, न मिळालेल्यांतली बहुतेक मेली. आमच्या आजीला या प्रयोगाची गरज नव्हती. तिच्या गोठ्यात तो अधूनमधून आपोआप होतच असे.

माणसाच्या मुलाचे तसे नाही. चीक मिळाला नाही तरी ते चौथ्या दिवशी मरत नाही. वारेतून मिळालेली शिदोरी त्याला धरून ठेवते. त्याचा चीक रक्तात शिरण्यासाठी नसतोच. तो आतड्याच्या अस्तरावर पसरतो आणि तिथे पहारा देतो. दुधातली ही वेगळ्या घडणीची प्रतिपिंडे १९६० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या लार्स हान्सन यांच्या कामातून उजेडात आली. आईच्या दुधातून रोगप्रतिकार पिलाला मिळतो हे पाउल एर्लिख यांनी १८९२ च्या सुमारास उंदरांवर दाखवले होते. विषाला सरावलेल्या आणि न सरावलेल्या उंदरिणींची पिले त्यांनी एकमेकींना पाजायला दिली आणि कोणते पिलू तगते ते पाहिले. म्हणजे उंदरांच्या दाया नेमल्या म्हणा ना. पण माणसाच्या चिकाचे कोडे उलगडायला आणखी सत्तर वर्षे जावी लागली. माझी काकू बाळंत झाली तेव्हा ते ज्ञान स्वीडनमध्ये जेमतेम तीन वर्षांचे होते.

त्यामुळे पहारा नसलेल्या मुलांत नुकसान व्हायचे ते विखुरलेले. दहातली बरीच मुले चीक न मिळताही वाढत, धडधाकट होत. एखाददुसऱ्याला आठव्या, पंधराव्या, विसाव्या दिवशी जुलाब लागत, अंग गार पडे, ते दूध ओढेनासे होई. तोपर्यंत चीक टाकून दिल्याला इतके दिवस झालेले असत, की त्या डागाचा आणि या मरणाचा संबंध कुणाच्या डोक्यात येणे शक्यच नव्हते. शिवाय त्याच दिवसांत विळ्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वात यायचा, थंडी बाधायची, बोंडल्यातले शेळीचे दूध नासलेले असायचे. इतक्या संशयितांत खरा गुन्हेगार सापडणार कसा? मग सटवाईचे नाव पुढे येते. ज्या बायकांनी गोठ्यात कार्यकारणभाव इतका नेमका ओळखला, त्यांना माणसाच्या बाबतीत तो दिसला नाही, कारण आईच्या वारेनेच पुरावा झाकून ठेवला होता. मूल जन्माआधीच इतके सुरक्षित झालेले होते की जन्मानंतरची चूक खपून जात होती. माझ्या मते आजी निर्दोष सुटत नाही, पण तिच्यावरचा अडाणीपणाचा आरोप मी मागे घेतला आहे.

ही चूक किती महाग पडत होती याचा मोठ्या प्रमाणावरचा हिशेब फार उशिरा झाला. कॅरन एडमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाना देशाच्या ग्रामीण भागात १०,९४७ अर्भकांची माहिती गोळा केली आणि २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पाजायला जितका उशीर, तितका पहिल्या महिन्यातला धोका चढत जात होता. पहिल्याच तासात सर्वांना छातीशी धरले असते तर त्या महिन्यातले २२ टक्के मृत्यू टळले असते, असे त्यांचे गणित निघाले. डामास्टिसला न्याय मिळायला अठराशे-एकोणीसशे वर्षे लागली.

मुंबईत हे आधीच अनुभवाने कळलेले होते. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या मुलांच्या कक्षात पावडरचे दूध हटवून आईच्या दुधाचा आग्रह धरला आणि आयांनाच मुलांच्या शुश्रूषेत सामील करून घेतले. महापालिकेचे रुग्णालय, मुलांची गर्दी, हाताशी पैसा थोडा. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला वारेतून शिदोरी पुरती मिळालेलीच नसते. या बाबतीत ते जवळजवळ वासरासारखे असते, आणि त्याला चिकाची निकड सर्वांत जास्त. १९८९ मध्ये त्याच रुग्णालयात आशियातली पहिली मानवी दूधपेढी उभी राहिली. जिला जास्त दूध आहे तिचे दूध घेऊन, निर्जंतुक करून, ज्याच्या आईला अजून उतरलेले नाही अशा मुलाला द्यायचे. जुन्या काळची दाई संस्थेच्या रूपात परत आली, आणि या वेळी ती गरिबाच्या मुलालाही मिळाली.

यानंतरची कहाणी सरळ चढत्या आलेखाची असेल अशी माझी अपेक्षा होती. सुईणी मागे पडल्या, बायका दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या, १९९२ मध्ये बाळदुधाच्या पावडरची जाहिरात आणि फुकट नमुने यांना बंदी घालणारा कायदा झाला. आता पहिला तास वाया जाण्याचे कारण काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे ओळीने मांडले तेव्हा सुरुवातीला तसेच दिसले. १९९२-९३ मध्ये जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेल्या मुलांचे प्रमाण देशात ९.५ टक्के होते. १९९८-९९ मध्ये ते सुमारे १६ झाले, २००५-०६ मध्ये २४ च्या आसपास गेले, २०१५-१६ मध्ये ४१.६. आणि २०१९-२१ मध्ये? ४१.८. आलेख तिथे येऊन थबकला आहे. याच शेवटच्या टप्प्यात दवाखान्यातली बाळंतपणे ७८.९ वरून ८८.६ टक्क्यांवर गेली. म्हणजे आणखी दहा टक्के बायका सुईणीच्या हातून डॉक्टरांच्या हाती आल्या आणि पहिल्या तासाच्या दुधात म्हणण्यासारखी भर पडलीच नाही. आता उशीर होतो तो सटवाईच्या घरी नव्हे, दवाखान्यात. त्याच काळात शस्त्रक्रियेने होणारी बाळंतपणे १७.२ वरून २१.५ टक्क्यांवर गेली. पण सगळा दोष शस्त्रक्रियेवर टाकून चालणार नाही. आई शुद्धीवर असते, बाळ दहा पावलांवर असते, आणि तरीही दोघांची गाठ पडत नाही.

हे मला आकड्यांतून कळण्याआधी घरात कळले होते. माझी मुलगी एका शहरातल्या बऱ्यापैकी महागड्या रुग्णालयात बाळंत झाली. शस्त्रक्रिया होती, पण सगळे सुरळीत पार पडले. मुलगी झाली, वजन उत्तम, रडणे खणखणीत. तिला पुसून, दुपट्यात गुंडाळून आम्हाला लांबून दाखवले आणि काचेच्या खोलीत नेले. मी विचारले, ''आईकडे कधी देणार?'' ''आईला अजून दूध आलेलं नाही. शिफ्ट झाल्या की बघू.'' पुढे साडेपाच तास तसेच गेले. काचेतून मी पाहत होते : कुणीतरी आले, छोट्या वाटीत पावडरचे दूध कालवले आणि चमच्याने तिला पाजले. ती निमूट प्याली. प्याल्यावर झोपली. सगळे अगदी स्वच्छ, हातमोजे घातलेले, वेळेवर.

मी काचेबाहेर उभी होते आणि मला माजघरालगतची खोली आठवत होती. ''दूध उतरलं की पाजायचं'' आणि ''दूध आलेलं नाही'' यांत मला काही फरक दिसेना. तिथे मध होता, इथे पावडर. तिथे सोयर होते, इथे कामाच्या पाळ्या होत्या. आणि इथेही पुरावा झाकलेलाच राहणार होता. कारण माझी नात त्या पावडरने आजारी पडली नाही. ती आज शाळेत जाते. त्या रुग्णालयाच्या नोंदीत त्या साडेपाच तासांची कुठे ओळसुद्धा नसेल.

मी भांडले. शिक्षिकेच्या आवाजात भांडले, त्याचा उपयोग होतो असा माझा अनुभव आहे, पण त्या दिवशी झाला नाही. ''आजी, तुम्ही बसून घ्या,'' एवढेच उत्तर मिळाले.

रात्रपाळीला एक सिस्टर आली. पन्नाशीची, थोडी स्थूल, चालताना गुडघा ओढणारी. तिने तक्ता वाचला, मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि कुणाला काही न विचारता काचेच्या खोलीतून बाळ उचलून आणले. टाके दुखत होते, कूस बदलता येत नव्हती. सिस्टरने उशा लावून पाहिल्या, बाळाला काखेखालून धरून पाहिले. ते ओठ लावी आणि झोपून जाई. पोट पावडरने भरलेले होते. मुलगी रडायला लागली. ''आई, मला येतच नाहीये काही.''

''येतंय की. कुठे येत नाही?'' सिस्टर म्हणाली. तिने एक स्टीलचा चमचा उकळत्या पाण्यातून काढून आणला, निवू दिला, आणि बोटांनी काळ्या वर्तुळामागे दाबत मुलीला हाताने कसे काढायचे ते दाखवले. बराच वेळ काही आले नाही. मग एक थेंब आला. मग दुसरा. अर्धा चमचा भरायला वीस मिनिटे लागली असतील.

मला जवळचा चष्मा लावावा लागला. तोच रंग होता. मधापेक्षा फिकट, हळदीच्या दुधापेक्षा गडद, दिव्याच्या उजेडात जवळजवळ सोन्याचा. पंचावन्न वर्षांपूर्वी जुन्या धोतराच्या घडीवर पाहिला होता त्यानंतर मी तो पाहिला नव्हता. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात पाहिला असणार खरा, पण तेव्हा तीन दिवस मुलीला ग्लुकोजचे पाणी देत होते आणि मी ग्लानीत होते.

सिस्टरने चमचा बाळाच्या खालच्या ओठाला टेकवला. बाळाने झोपेतच जीभ बाहेर काढली. चमचा रिकामा झाल्यावर त्याच्या कडेला थोडे चिकटून राहिले होते. ते तिने करंगळीने निपटून घेतले आणि बाळाच्या ओठाच्या आत लावले.

''चला, परत,'' ती मुलीला म्हणाली. ''दुसऱ्या बाजूनं.''